१२४ किलोचा पैलवान आणि समुद्री कयाक: कुठे ऐसपैस, कुठे घट्ट

पैलवान, तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही निपाणीकडचे, तालमीत वाढलेले. उंची ६ फूट १ इंच, वजन १२४ किलो, बूट ११ नंबरचा. कारवारला भाड्याच्या कयाकमध्ये, म्हणजे पाय पसरून बसायच्या लांबट अरुंद वल्हवायच्या बोटीत, बसायला गेलात, मांड्या कॉकपिटच्या (बसायच्या भोकाच्या) कडेखाली अडकल्या आणि तिघांनी ओढून बाहेर काढलं. तरी हौस काही गेली नाही. आता स्वतःची बोट घेऊन कारवार ते मालवण आठ दिवसांत करायचं म्हणताय. एका विक्रेत्याने सांगितलंय, "हिची क्षमता १६० किलो, तुम्ही १२४, मग अडचण काय?"

अडचण आहे की. ती बेरजेत आहे, म्हणून आधी बेरीजच करू.

क्षमतेचा जो आकडा छापतात त्यात तुम्ही एकटे नसता. बोटीचं स्वतःचं वजन सोडून आत-बाहेर जे काही चढतं ते सगळं त्यात मोजायचं. तुमचे १२४. ओले कपडे, बूट, लाइफ जॅकेट, स्प्रेस्कर्ट (कमरेला घालून कॉकपिटचं भोक झाकायचं कापड), जादा वल्हं, पंप यांचे ६. तंबू, अंथरूण, स्टोव्ह, भांडी, औषधं, दुरुस्तीचं सामान, बॅटऱ्या, कितीही हात आखडता घेतला तरी १८-२० किलो. आठ दिवसांचा कोरडा शिधा ७ किलो. पाण्याचं म्हणाल तर कोकणात रोज संध्याकाळी कुठलं तरी गाव लागतंच, त्यामुळे आठ दिवसांचं पाणी वाहायला नको. पण तुमच्यासारख्या देहाला उन्हात दिवसाला ५-६ लिटर लागणार आणि एका दिवसाचा साठा हाताशी राहिलाच पाहिजे, म्हणजे १२ लिटर. झाले १६८. विक्रेत्याची बोट वाळूवरच भरून गेली.

शिवाय हा १६० चा आकडा कशाचा, हेही विचारून घ्या. सगळे बनवणारे एकाच मापाने मोजत नाहीत. बहुतेक वेळा तो 'एवढ्या वजनाला बोट तरंगते' असा असतो. तरंगणं वेगळं आणि लाटेत चालणं वेगळं. मी स्वतः छापील आकड्याच्या पाऊण हिश्श्यापर्यंतच बोट भरतो. त्या हिशोबाने तुम्हाला २२५ किलोची बोट लागेल, आणि एका माणसाच्या समुद्री कयाकमध्ये तेवढी क्षमता शोधून सापडणं कठीण. म्हणून दोन्हीकडून थोडं सरका: बोट २०० च्या जवळपासची बघा आणि सामान ३० किलोवर आणा. तुम्ही १२४, अंगावरचं ६, सामान ३०, असे १६०. दोनशेला एकशे साठ म्हणजे ८० टक्के. एवढं चालतं. १६० ला १६८ चालत नाही.

वजन वाढलं की नेमकं होतं काय, हे डोळ्यांपुढे आणायला एक सोपं गणित आहे. सतरा फुटी कयाकचा पाण्याच्या रेषेवर आडवा काप घेतला तर तो साधारण दीड चौरस मीटरचा भरतो. म्हणजे प्रत्येक १५ किलोला बोट एक सेंटिमीटर खाली बसते. तुमच्यात आणि ८० किलोच्या माणसात ४४ किलोंचा फरक, म्हणजे तीन सेंटिमीटर. आकडा छोटा वाटतो, पण कयाकची बाजू पाण्यावर असते ती जेमतेम वीतभर. त्यातले तीन सेंटिमीटर गेले की प्रत्येक लाट डेकवरून (बोटीच्या वरच्या पाठीवरून) चालत येऊन पोटाला लागते आणि बोट लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत घुसते.

आता एक मजेची गोष्ट सांगतो. फ्रँक गुडमन या ब्रिटिश माणसाने १९७५ च्या नॉर्वे मोहिमेसाठी नॉर्डकॅप नावाची कयाक काढली. १९७७ मध्ये तीच बोट घेऊन तो आणि त्याचे साथीदार केप हॉर्नला गेले. आजही ती नावाजलेली आहे. पण रिकामी घेऊन बसलात तर ती डुगडुगते आणि सामान भरलं की शहाण्यासारखी वागते, कारण ती भरून चालवायलाच काढलेली. हे ऐकून बरेच वजनदार लोक म्हणतात, "मग बरंच की, आम्ही म्हणजे कायमची भरलेली बोट!" तसं होत नाही. सामान तळाशी पडून असतं, तुमचं वजन मात्र बसल्या जागेपासून छातीपर्यंत उभं असतं. चाळीस किलो तांदूळ बोटीच्या पोटात असणं वेगळं आणि तेच चाळीस किलो खांद्यावर घेऊन बसणं वेगळं. पैलवानाचं वजन खांद्यात आणि छातीत जास्त, म्हणून तर तुम्हाला डुगडुग जास्त जाणवते. बारीक माणसाला जी बोट 'जराशी चंचल' वाटते ती तुम्हाला पाडणारी असू शकते.

याला दोन उपाय. एक रुंदी. बोटीचा मूळ स्थिरपणा रुंदीच्या घनाने वाढतो. ५६ सेंटिमीटर रुंद बोटीऐवजी ६० ची घेतली तर रुंदी वाढली सात टक्के, पण तो आधार वाढला तेवीस टक्के. तुमच्यासाठी मी ५९ ते ६२ मध्येच राहीन. त्याच्या पुढे गेलात की वल्हं मारताना हात बाजूवर आपटतो आणि दिवसाकाठी पाच-सहा किलोमीटर कमी होतात. दुसरा उपाय फुकटातला: सीट खाली घ्या. बऱ्याच बोटींची सीट तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर टांगलेली असते. ती काढून तळावर फोम घालून बसलात तर बोट बदलल्यासारखी वाटते. मी माझी सीट अशीच काढून टाकली आणि खाली चपलेच्या सोलला लागते ती ईव्हीए शीट थरावर थर चिकटवून कोरून घेतली. चिकटवायला चप्पलवाल्याकडचंच पिवळं सोल्युशन. चार वर्षं झाली, हललेली नाही.

चपलेवरून आठवलं. अथणीची चप्पल नवी घेतली की कारागीर काय म्हणतो? "आता जरा आवळ वाटंल, आठ दिवसांत बसंल." सैल चप्पल कुणी घेत नाही, कारण चालताना तीच पाय सोलते. कयाकचंही तसंच. मोठ्या माणसाची 'ऐसपैस बोट' म्हणजे काय, याचा इथेच घोळ होतो. बोटीने ऐसपैस असायचं तीन ठिकाणी: आत-बाहेर करायच्या भोकाला, पावलांना आणि पोटरीच्या वरच्या जागेला. बाकी दोन ठिकाणी, म्हणजे नितंबांच्या बाजूंना आणि मांड्यांच्या वर, तिने तुम्हाला धरून ठेवलं पाहिजे. तिथे सैल असली तर तुम्ही कंबर डावीकडे वळवाल आणि बोट आपल्याच नादात उजवीकडे झुकेल. तुम्ही आत आंघोळीच्या टबात बसल्यासारखे.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरी मापं घ्या. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर पाय पसरून बसा. दोन्ही बाजूंनी एकेक वीट नितंबाला टेकेपर्यंत सरकवा, उठा आणि विटांमधलं अंतर मोजा. उभ्याने टेप गुंडाळून घेतलेलं कमरेचं माप इथे कामाचं नाही, बसल्यावर माणूस पसरतो. सीट या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठी हवी, दोन्ही बाजू मिळून. उरलेली फट फोमने भरायची. सीट लहान असेल तर मात्र उपाय नाही. 'बसून बसून सवय होते' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तासाभरात पाय बधिर होतात आणि किनाऱ्यावर उतरताना गुडघ्यावर पडायला होतं. एवढं छातीठोकपणे सांगतोय कारण तोंडवळीच्या वाळूवर मी असाच पडलोय.

मग तसेच बसून, समुद्रात घालणार तेच बूट घालून, टाचा आत आणि बोटं बाहेर अशी पावलं तिरकी करा. टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची उभी उंची मोजा. ११ नंबरला ती २८ ते ३० सेंटिमीटरच्या घरात येईल. पावलांच्या जागी डेकची आतली उंची तेवढी हवी. पुष्कळ बोटी या मापाला नापास होतात आणि कुणी तपासत नाही, कारण दुकानात लोक अनवाणी बसून बघतात. जाड तळव्याचे बूट टाळलेत तर दोन सेंटिमीटर वाचतील. फुटपेगची (पावलं टेकायच्या खुंट्यांची) पट्टीही शेवटच्या खाचेला जाऊन तुमचा गुडघा किंचित वाकलेला राहतो का ते बघा. पूर्ण सरळ पाय नको, कंबर धरते. पट्टी आखूड पडली तर बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची लांब करून मिळते, मी दोघांना करून दिली आहे.

तिसरं माप कॉकपिटच्या भोकाचं. तुम्हाला 'कीहोल' म्हणतात तसलं लांबट भोक हवं, ८५ सेंटिमीटर किंवा जास्त. कसोटी अशी: सीटवर बसलेल्या अवस्थेत एक गुडघा उचलून पाय बाहेर काढता आला पाहिजे, मग दुसरा. आधी पाय घालून मग बुड सरकवायची जुन्या घाटणीची गोल भोकाची बोट तुम्हाला कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. कारवारला जे झालं ते किनाऱ्यावर झालं म्हणून हसण्यावारी गेलं. तेच उलट्या बोटीत झालं असतं तर?

इथून पुढे मी जरा उलट बोलणार आहे, कारण मोठ्या बोटीचे तोटे कुणी सांगत नाही. माझं वजन तेव्हा ९८ होतं. एका विक्रेत्याने मला सगळ्यात मोठी बोट गळ्यात मारली आणि मीही खुशीने मारून घेतली. पहिल्याच थंडीत काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या समोर, ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारी लाट यांच्या भांडणात मी उलटलो. बाहेर आलो, बोट सरळ केली. आत बघतो तर अक्षरशः विहीर! कॉकपिटमध्ये जेवढी हवा जास्त, उलटल्यावर तेवढंच पाणी जास्त. दीडशे लिटरच्या वर पाणी असेल, म्हणजे दीडशे किलो, आणि तेही इकडून तिकडे हिंदकळणारं. मागचं डेक इतकं उंच की पोटावर चढायचं म्हटलं तर हात पुरेनात. तीनदा चढलो, तीनदा बोट अंगावर घेऊन परत पाण्यात. शेवटी एका होडीवाल्याने बाजूला होडी लावून धरली. पंप मारून मारून दंड भरून आले.

त्या दिवसापासून माझा नियम झाला: बोट विकत घेण्यापूर्वी खोल पाण्यात तिच्यातून पडायचं आणि एकट्याने परत चढायचं. तुम्हाला तर हे दहापट लागू. तुमच्या हातात ताकद आहे, पण १२४ किलो पाण्यातून वर ओढताना ताकदीपेक्षा पायाला टेकू लागतो. त्यासाठी घोड्याच्या रिकिबीसारखा पट्ट्याचा फास करायचा, वल्ह्याला अडकवून पाण्यात सोडायचा आणि त्यात पाय देऊन उभं राहायचं. वल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला हवेचा फुगा बांधलेला, तो बोटीला पालथी होऊ देत नाही. मागचं डेक कमी उंच असेल तर हे काम निम्म्याने सोपं होतं. सीटमागची भिंत, म्हणजे बल्कहेड, सीटला जितकी जवळ तितकं कॉकपिटमध्ये पाणी कमी राहतं, तेही बघा. उंच पाठीची आरामखुर्ची छाप सीट मात्र काढून टाका. चढताना तीच आडवी येते आणि लाइफ जॅकेट वर ढकलून मानेला लावते.

मोठ्या बोटीचा दुसरा तोटा वारा. रिकामी असताना तिची बाजू शिडासारखी वारा धरते आणि नाक वाऱ्याकडे फिरवते. तुमचं वजन असल्याने बोट खाली बसेल, त्यामुळे बारीक माणसापेक्षा तुम्हाला हा त्रास कमी. तरी मागे स्केग (तळातून खाली सोडायची न वळणारी पाती) किंवा सुकाणू हवंच. मी स्केगवाला, पण लांबच्या प्रवासात सुकाणू चालवणाऱ्यांशी भांडत नाही. स्केगच्या खोबणीत आपल्याकडची बारीक वाळू अडकते, म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडून दोरा बांधून ठेवा. अडकला तर सोबती खाली ओढून देईल.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. पी अँड एच स्कॉर्पिओ एचव्ही, व्हॅली इटेन १७-७, वाइल्डरनेस सिस्टिम्स त्सुनामी १७५ आणि प्रिऑन कोडिॲक या मोठ्या देहाच्या माणसांनी वापरलेल्या बोटी. एचव्ही म्हणजे हाय व्हॉल्यूम, पोटाने मोठी. यातल्या बहुतेक प्लास्टिकच्या. आपल्याकडे भाड्याने आणि दुकानात दिसतात त्या बहुतेक नऊ ते बारा फुटी, वर बसायच्या बोटी. वरच्यांपैकी एखादी हवी असेल तर बाहेरून मागवावी लागेल किंवा कुणाची वापरलेली शोधावी लागेल. घाई करू नका.

आणि एक वाट अशी आहे जी कुणी सुचवत नाही: दोघांची बोट एकट्याने. हसू नका. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन १९३२ मध्ये उल्म गावाहून डॅन्यूब नदीत उतरला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. वाटेत आपला पश्चिम किनाराही त्याने वल्हवला. त्याची घडीची कयाक दोघांसाठी बनलेली होती, ती त्याने एकट्याला सोयीची करून घेतली होती. हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने १९५६ मध्ये दोघांच्याच घडीच्या क्लेपर कयाकमधून एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. दोघांनाही हवी होती जागा आणि वजन पेलायची ताकद, जी तुम्हालाही हवी आहे. घडीच्या दुहेरी बोटीत सीट मध्यावर सरकवता येते, ती बेळगावच्या दोन खोल्यांच्या घरात कपाटामागे राहते आणि एसटीनेही जाते. वेग कमी, किंमत भारी, कापडाला कालवांचे खडक चालत नाहीत. पण १२४ किलोला ती खेळण्यासारखी उचलते.

वर बसायच्या रुंद कयाकला लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. आपलं पाणी गरम, आणि पडलात तर परत चढणं सोपं. पहिलं वर्ष तीच वापरा म्हणेन. आठ दिवसांच्या सामानाला मात्र ती पुरत नाही आणि दिवसभर बुड ओलं राहतं.

प्लास्टिक की फायबर? आपल्या खडकाळ किनाऱ्याला आणि तुमच्या वजनाला प्लास्टिक. २८-३० किलो भरेल, उचलायला तुम्हाला काय त्याचं! फक्त चोर्ल्याच्या घाटातून नेताना गाडीच्या टपावर पट्टे करकचून आवळू नका, उन्हात तापलेलं प्लास्टिक दबतं आणि तळाला खड्डा पडतो. बोट पालथी ठेवा किंवा कुशीवर बांधा.

वल्हं २२० ते २३० सेंटिमीटरच्या दरम्यान घ्या, रुंद बोटीला आखूड वल्हं पोचत नाही. स्प्रेस्कर्ट कॉकपिटच्या मापाचा आणि तुमच्या पोटाच्या मापाचा, दोन्ही जुळले पाहिजेत. तयार मिळाला नाही तर शिवून घ्या, पण पुढची ओढायची दोरी नेहमी बाहेर दिसली पाहिजे.

सामान भरताना पाणी सीटच्या अगदी मागे किंवा पावलांच्या पुढे, तळाला ठेवा. तुमच्या वजनाने बोटीची शेपूट बसते, म्हणून जड वस्तू पुढच्या हॅचमध्ये (झाकणाच्या सामानाच्या कप्प्यात) थोड्या जास्त. ३० लिटरच्या जाड पिशव्या घेऊ नका, त्या हॅचच्या तोंडात अडकतात. १० लिटरच्या बारीक लांब पिशव्या कोपऱ्यापर्यंत जातात.

आता तुमचा मार्ग. तो उलटा करा. कारवारहून मालवणला जाताना तुम्ही उत्तरेकडे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारचे खारे वारे वायव्येकडून येतात, म्हणजे रोज दुपारी छातीवर. मालवणहून निघालात तर तेच वारे पाठीशी. पहाटेच्या मतलई वाऱ्यात निघायचं, अकरा-साडेअकराला किनारा गाठायचा. किनाऱ्याच्या कडेने १७० किलोमीटरच्या आसपास धरा. भरलेली बोट ताशी पाच-सहा किलोमीटर चालते, दिवसाला पंचवीस. एखादा दिवस वाऱ्यात जाईल, म्हणून आठचे नऊ धरा. मुरगावच्या बंदरात जहाजांची ये-जा असते, तो पट्टा घोळक्याने आणि सरळ काटकोनात ओलांडायचा. कारवारला काळीच्या मुखाशीच थांबा, त्याच्या दक्षिणेला नौदलाची हद्द लागते. निघण्यापूर्वी किनारी पोलिसांना कळवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये आणि डेकवर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

एक शेवटचं काम. या महिन्यातल्या कुठल्याही रविवारी मी सदाशिवगडच्या पुलाखालीच असतो. माझी जुनी मोठी बोट अजून आहे, ती घेऊन बसून बघा, पडून बघा. येताना तेच बूट आणि विटांमध्ये घेतलेलं माप आणा. आणि तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन आणा, सहा. भरून आणू नका, पाणी तिथं आहे की भरपूर. सहा कॅन म्हणजे तीस किलो, तेवढे हॅचमध्ये घालून तुम्ही बसलात की पाण्याची रेषा कुठे येते त्यावर खडूने खूण करू. बोट घ्यायची की नाही ते ती खूण बघून ठरवा.